कितला दिन टिकी?

यंदाच्या अंकाचा विषय 'धागा' आहे, असं संपादकांनी कळवलं. खानदेशातला माणूस कापसावरच लिहिणार, हे त्यांनी बहुधा धरूनच ठेवलं असावं. पण कापूस, जिनिंग आणि अमळनेरची प्रताप मिल यांवर दर दिवाळीला कुणी ना कुणी लिहितंच. मी जळगावातल्या एका खेळसाहित्याच्या दुकानात जाऊन बसलो. तिथे बारा मीटर धाग्यावरून रोज चर्चा झडतात आणि त्यात भाग घेणारा जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी चुकीचं अगदी ठामपणे सांगत असतो.

दुकान बाजारपेठेत, एका जिन्याच्या तोंडाशी. पुढे क्रिकेटच्या बॅटी, कॅरमचे स्ट्रायकर, शाळांच्या बक्षीस समारंभाच्या ट्रॉफ्या. मागच्या अंगाला एका टेबलावर गटिंगचं, म्हणजे रॅकेटमध्ये तारांची जाळी ओढून बसवायचं, मशीन. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. "नाव छापू नका," त्यांनी आधीच बजावलं. "ज्यांची जाळी महिन्यात तुटली, ते सगळे अंक हातात घेऊन येतील."

त्यांच्याकडे येणाऱ्या रॅकेटी बहुतेक बॅडमिंटनच्या. टेनिस हा जळगाव-धुळ्यात तसा मोजक्यांचा खेळ आहे: अधिकारी, डॉक्टर, वकील, एमआयडीसीतले कारखानदार, आणि अलीकडे त्यांची नि इतरांचीही मुलं. बॅडमिंटनचं गिऱ्हाईक पक्कं असतं. 'बीजी ६५, चोवीस पौंड', म्हणजे तार कुठली आणि ओढ किती, एवढं बोलून ते निघून जातं. टेनिसवाला रॅकेट टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, चांगली टाका." चांगली कशासाठी, हे भाऊंनी ओळखायचं. फटका जोरात जायला हवा, चेंडू हवा तिथे पडायला हवा, की रात्री कोपर ठणकायला नको? तिन्ही एकदम देणारी तार अजून तरी कुणी बनवलेली नाही. शिवाय गिऱ्हाईक तोंडानं या तिन्हींबद्दल बोलत असलं, तरी त्याच्या मनात चौथाच प्रश्न असतो. धुळ्याहून आलेला एक फोन मी ऐकला. पलीकडच्या माणसानं रंग विचारला नाही, कंपनी विचारली नाही, पौंड विचारले नाहीत. स्पीकरवर आवाज आला, "कितला दिन टिकी, भो?"

उभे सोळा, आडवे एकोणीस

टेनिसची रॅकेट हातात आली की भाऊ आधी ती कानाशी धरून हलवतात. आत काही खुळखुळलं, तर फ्रेमला कुठेतरी तडा आहे असा संशय. मग कात्री. जुनी जाळी कापायचीही रीत आहे. मधोमध सुरुवात करायची आणि उभा एक, आडवा एक असं बाहेर सरकायचं. एकाच बाजूनं सरसकट कापत गेलं तर उरलेल्या तारा फ्रेमला वाकडी ओढतात. हिशेब साधा आहे. ५५ पौंड म्हणजे जवळपास २५ किलो, आणि उभ्या तारा १६. तीनशे ग्रॅमच्या चौकटीवर कागदोपत्री चारशे किलोंची ओढ आली. आडव्या तारा ती ओढ दुसऱ्या अंगानं सांभाळतात, म्हणून फ्रेम टिकते.

फ्रेमच्या भोकांत प्लास्टिकच्या बारीक नळ्या असतात, ग्रोमेट म्हणतात त्यांना. एखादी फुटली असेल तर तार थेट ग्राफाइटवर घासते आणि आठवड्यात तुटते. शिव्या मात्र तारेला बसतात. भाऊ प्रत्येक ग्रोमेटवरून अंगठा फिरवतात. दोन बदलल्या.

मशीन जुन्या धाटणीचं आहे. एका दांडीवर सरकणारं वजन, आणि वजन कुठे ठेवायचं त्याच्या पौंडांच्या खुणा. तार पकडीत अडकवून दांडी सोडली की ती खाली येते आणि बरोबर आडवी थांबायला हवी. वर राहिली तर ओढ थोडी कमी पडते, खाली झुकली तरी कमीच पडते. मोठ्या शहरांत विजेवर चालणारी मशीनं आली आहेत, ती आकडा दाबला की तेवढंच ओढतात. भाऊंच्या मशीनला भाऊंचे डोळे लागतात.

आधी उभ्या तारा, त्याही मधल्या दोनपासून. मग डावीकडे एक, उजवीकडे एक. एका बाजूला चार ओढून मोकळं झालं तर फ्रेम तिरकी होते. उभ्या संपल्या की रॅकेट किंचित रुंदावलेली असते. आडव्या तारा डोक्याकडून मुठीकडे विणत आणल्या की ती मूळच्या आकारात परतते. हे विणणं हातानंच. डाव्या हाताचं बोट खाली, उजव्या हाताची चिमूट वर, एक तार वरून, एक खालून; पुढच्या ओळीत बरोबर उलटं. एक घर चुकलं तर त्या ओळीपर्यंत उसवायचं. दर ओळीला तार सरळ करून मगच दांडी सोडायची, नाहीतर घर्षणातच ओढ जिरते. शेवटी गाठ. गाठ मारताना भाऊ बोलत नाहीत आणि आपणही बोलायचं नसतं. पाऊण तासाचं काम आहे हे. बॅडमिंटनवाला तेवढ्या वेळात दोनदा येऊन डोकावून जातो.

तात

रॅकेटची सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात सरस मानली जाणारी तार आतड्याची. खानदेशी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. गाद्या भरायच्या दिवसांत पिंजारी दारी यायचा. त्याच्या धनुकलीला जी तात असे, ती आतड्याचीच. लाकडी ठोकळा तिच्यावर आपटला की कापूस फुलून वर उडायचा. सारंगीच्या मुख्य ताराही आतड्याच्याच असतात. ताण सहन करायचा आणि दर आघातानंतर जागेवर यायचं, हे काम त्या धाग्याला निसर्गानंच शिकवलेलं आहे.

फ्रान्समधल्या लिओँ शहरातल्या पिएर बाबोला यांनी १८७५ साली टेनिससाठी आतड्याची तार बनवली. आदल्याच वर्षी इंग्लंडात मेजर विंगफिल्ड यांनी या खेळाचं पेटंट घेतलं होतं. विंबल्डनची पहिली स्पर्धा व्हायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे तार विंबल्डनपेक्षाही जुनी. सुरुवातीला मेंढीचं आतडं वापरत, पुढे गाईचं आलं. त्याच्या एका आवरणाच्या पट्ट्या काढून, पीळ देऊन, सुकवून ही तार होते. ती लवचीक असते, ओढ महिनोन्महिने धरून ठेवते आणि हाताला मऊ लागते. शत्रू एकच, पाणी. पावसात भिजली की फुगते आणि उसवते.

भाऊ ही तार ठेवत नाहीत. एक सेटच काही हजारांत जातो, हे एक कारण. दुसरं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "आपल्याकडे जैन गिऱ्हाईक आहे, माळकरी आहे. कशाची आहे म्हणून विचारलं तर सांगावं लागतं. सांगितलं की रॅकेट परत जाते." मागे कुणीतरी अमेरिकेतल्या मुलाकडून दोन सेट मागवले होते. ते लावून दिले, पण पाकीट दुकानात फोडलं नाही, घरूनच उघडून आणायला सांगितलं.

आतड्याची नक्कल म्हणून नायलॉन आलं. दुकानात 'सिंथेटिक गट' म्हणून मिळतं ते हेच: मध्ये एक जाड गाभा आणि भोवती बारीक धाग्यांचा वेढा. स्वस्त, मध्यम, कशातच फार वाईट नाही. त्याच्या वरची पायरी 'मल्टी'ची. शेकडो-हजारो केसाएवढे तंतू एकत्र चिकटवून केलेली तार. आतड्याच्या जवळ जाणारी, मऊ, आणि तुटायच्या आधी दाढीसारखी पिंजारणारी. पिंजारली की गिऱ्हाईक घाबरून धावत येतं. वास्तविक ती बिचारी आगाऊ सूचना देत असते.

टाइट मारलं की जोरात जातं?

क्लबवरच्या संध्याकाळी गैरसमज ऐकायला फार चांगल्या. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून एक निवृत्त बँक अधिकारी, सगळे त्यांना काका म्हणतात, मला समजावत होते, "ढिली जाळी म्हणजे शॉटमध्ये दम नाही. मी साठ मारून घेतो. बंदुकीसारखा जातो चेंडू."

प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं. टेनिसचा चेंडू ऊर्जा परत करण्यात अगदी कंजूस असतो. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या नियमानुसार २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळायला हवा. म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा तो स्वतःच्या चेपण्यात घालवून बसतो. तार तशी नाही. ती ताणली गेली की नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत देते. फटक्याचा आघात जितका तारेनं घेतला तितकं परत मिळालं, जितका चेंडूनं घेतला तितकं वाया गेलं. सैल जाळी जास्त खोल जाते, चेंडू कमी चेपतो, म्हणून वेग जास्त. पोरं सैल बाजेवर उड्या मारतात, फळीच्या दिवाणावर मारत नाहीत, कारण तेच.

मग काकांना बंदूक का वाटते? कारण घट्ट जाळीचा आवाज टणक येतो आणि हाताला धक्का जास्त बसतो. कानाला आणि मनगटाला जे जोरात वाटतं ते चेंडूला वाटत असेलच असं नाही.

घट्ट जाळीचा खरा फायदा वेगळा आहे. चेंडू जाळीवर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पटच थांबतो. जाळी घट्ट असली की तेवढ्यात तो कमी बुडतो, कमी वेळ राहतो आणि कोणत्या कोनातून सुटेल याचा अंदाज बांधता येतो. याला खेळाडू कंट्रोल म्हणतात. दहा पौंडांनी सैल केलं तरी वेगातला फरक टक्का-दोन टक्क्यांच्या आसपासच पडतो. पण मागची रेषा ओलांडायला तेवढा पुरतो. म्हणून ज्याचा हात मुळातच भारी आहे, चेंडू सारखे बाहेर जातात, त्यानं घट्ट करावं. ज्याचे चेंडू जाळ्याच्या पलीकडे जेमतेम पडतात, त्यानं सैल करावं. काकांचे चेंडू सर्व्हिसच्या रेषेपुढे क्वचितच जातात. मी त्यांना हे सांगितलं नाही. त्यांचं वय आणि त्यांनी पाजलेला चहा, दोन्हींचा मान ठेवला.

मोठ्यांच्या आकड्यांवरून तर काहीच शिकू नये. ब्योर्न बोर्ग लाकडी रॅकेट ८० पौंडांच्या आसपास ओढून घ्यायचा. हॉटेलच्या खोलीत रात्री त्याच्या तारा आपोआप तुटायच्या, असं सांगतात. अलीकडच्या काळात फ्रान्सच्या आद्रियाँ मान्नारिनोनं तिशीच्याही खाली ओढून पहिल्या पन्नासात बसून दाखवलं.

बेल्जियमची तार

१९९७ च्या फ्रेंच ओपनला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन उतरला तेव्हा त्याचा क्रमांक ६६ होता. रॅकेटमध्ये लक्झिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. तो स्पर्धा जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत व्यावसायिक टेनिसच्या जाळीचा पोतच बदलला.

पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचं आणि धुवायला सोप्या साडीचंच कूळ. टेनिसची तार म्हणून त्याच्यात तसा दम कमी आणि कडकपणा जास्त. मग ती सगळ्यांनी का उचलली? कारण ती गुळगुळीत असते. खालून वर घासून फटका मारला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटकन जागेवर येतात. त्या येण्यात चेंडूला जादा फिरकी मिळते. नायलॉनच्या तारा सरकून तिथेच राहतात. खेळाडू दोन गुणांच्या मध्ये बोटांनी जाळी सरळ करत बसायचे ते त्यामुळे. फिरकीचा चेंडू उंच जाऊन आत पडतो, म्हणून जीव खाऊन मारता येतं. ताकद तारेनं दिलेली नसते, दंडाची असते. तार फक्त ती आत ठेवते.

तारा सरकण्याची ही गंमत त्याआधीही एकाला कळली होती. सत्तरीच्या दशकात जर्मनीच्या वेर्नर फिशर यांनी 'स्पॅगेटी' रॅकेट काढली. एकमेकांत न विणलेल्या उभ्या तारा आणि त्यांवर प्लास्टिकच्या नळ्या. १९७७ मध्ये तसली रॅकेट घेऊन इली नास्तासे हा गिलेर्मो व्हिलासपुढे उभा राहिला. क्लेवर सलग ५३ सामने जिंकलेला व्हिलास दोन सेट हरल्यावर वैतागून कोर्ट सोडून गेला. संघटनेनं ती रॅकेट बंद केली आणि जाळी कशी विणलेली असावी याचा नियमच लिहून टाकला. पॉलिएस्टरनं मात्र नियमात राहून बरंचसं तेच साधलं.

धुळ्यात सकाळच्या सरावाला दहा-बारा वर्षांची मुलं येतात. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या रॅकेटमध्ये काळी, आठ कोनी पॉली. का? नादाल वापरायचा म्हणून. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेनं २०२३ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकल्यापासून मुलींची संख्या वाढली, असं तिथले प्रशिक्षक सांगतात. त्यांची तक्रार पालकांवर आहे. "मुलाचा दंड बघा केवढा, आणि तार बघा कुणाची. त्या जाळीला वाकवायचीच ताकद याच्यात नाही. मग पोरगं अख्खा हात झोकून देतं. खांदा धरतो, मनगट धरतं. नायलॉन टाका म्हटलं की वडील म्हणतात, सर, ती स्वस्तातली ना?"

पॉलीची आणखी एक खोड आहे. ती लवकर मरते. ओढ धरून ठेवण्यात ती सगळ्यांत कच्ची; पहिल्या रात्रीतच काही पौंड गळतात आणि मग दर खेळाला गळत राहतात. फिरकी देणारं ते झटकन परतणंही जातं. तुटत मात्र नाही. व्यावसायिक खेळाडू दर सामन्याला ताज्या जाळीच्या अर्धा डझन रॅकेटी घेऊन उतरतो, त्याला हे चालतं. आपल्याकडे तीच तार दोन-दोन दिवाळ्या पाहते.

सहा अंश, पंचेचाळीस अंश

तारांवरची पुस्तकं बहुतेक वीस-पंचवीस अंशांच्या देशांत लिहिली जातात. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. आणि थंडीत रोज सकाळी वर्तमानपत्रं धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली नोंद छापतात, त्यात पाच-सहा अंश हा आकडा काही नवा नसतो. एकच रॅकेट, एकच जाळी, वर्षात चाळीस अंशांचा फरक.

उन्हाळ्यात चेंडूतली हवा तापते, रबर मऊ होतं, चेंडू जास्त उसळतो. तारही सैलावते. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेला: सगळं बाहेर जायला लागतं. थंडीच्या सकाळी उलट. चेंडू धोंड्यासारखा, तार ताठ, आणि कोपराच्या तक्रारी नेमक्या डिसेंबर-जानेवारीत वाढतात. म्हणून भाऊंचा नियम ठरलेला आहे. होळीनंतर दोन पौंड वर, दिवाळीनंतर दोन पौंड खाली. गिऱ्हाईक विचारत नाही, ते सांगत नाहीत.

खरा घात मात्र गाडीच्या डिकीत होतो. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने भरपूर. त्यातले एक कारखानदार रोज सकाळी खेळतात, आणि क्लबातल्या कुणालाही तारेबद्दल यांच्याएवढी समज मी पाहिली नाही. "आमचा धंदाच तो आहे," ते म्हणाले. "दाणा वितळवायचा, काढायचा, ओढायचा, गार करायचा. जितकं नीट ओढाल तितकी मजबुती. पण प्लास्टिक आहे. ताण देऊन गरम जागी ठेवलं की ते हळूहळू लांबतं. गार झालं म्हणून परत आखडत नाही." दुपारभर उन्हात उभ्या गाडीत तापमान साठीच्या पुढे जातं. तिथे पडलेली रॅकेट संध्याकाळी बाहेर काढली तर जाळी दिसायला तीच, पण तिची ओढ गाडीतच राहिलेली. ते स्वतः रॅकेट ऑफिसात, एसीखाली टांगतात. "कामगार हसतात. हसू द्या. गटिंगचे पैसे मी देतो."

धुळीचंही असंच. मातीच्या कोर्टावर बारीक कण जाळीच्या सांध्यांत शिरतात आणि दर फटक्याला उभी तार आडवीवर घासते. वरून पाहिलं तर काही कळत नाही. सांध्यावरून तार बाजूला सरकवली की नखाला खाच लागते. ती खाच अर्ध्या जाडीपर्यंत गेली की दिवस भरले.

डॉक्टरसाहेबांचं कोपर

टेनिस एल्बो हे दुखणं महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं ते टेनिसमुळे नव्हे. २००४ साली सचिन तेंडुलकरच्या कोपरानं ते पोचवलं. पुढच्या वर्षी लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि तोवर गावोगावचे लोक कोपराच्या बाहेरच्या हाडाला हात लावून 'इथं, इथं' असं सांगू लागले होते. मनगट वर उचलणारा स्नायू तिथे हाडाला चिकटतो. वारंवार झटके बसले की ती चिकटण नासते. पस्तिशी-चाळिशीनंतर हे जास्त. पिळे पिळून कपडे धुणाऱ्या बाईला होतं, स्क्रू पिळणाऱ्या मिस्त्रीलाही होतं.

जळगावातल्या एका शल्यचिकित्सकांना हे झालं, आणि त्यांचा तर हात म्हणजेच धंदा. त्यांची रॅकेट मी भाऊंच्या टेबलावर पाहिली. ताठ फ्रेम, त्यात १.३० मिलिमीटरची जाड पॉली, ५८ पौंड, आणि जाळीच्या तळाशी रबराचं एक गोंडस बटण, डॅम्पनर. हे बटण ते औषधासारखं वापरत होते. पण डॅम्पनर फक्त तारेचा 'टिंग' घालवतो. तारा सेकंदाला पाचशे-सहाशे वेळा कंप पावतात, तो आवाज थांबतो. हाताला जाणवणारा फ्रेमचा कंप त्याहून कितीतरी संथ असतो आणि त्याला ते बटण हातही लावू शकत नाही. आंद्रे आगासी तर साधा रबरबँड अडकवायचा. सवयीची गोष्ट आहे. असली तर असू द्यावी.

"डॉक्टरसाहेब, ही कधी टाकली होती?" भाऊंनी विचारलं.

"तुटली कुठं आहे?"

"तेच विचारतोय."

बरंच मागे जाऊन हिशेब लागला. आधीच्या नायलॉनच्या तारा तीन-चार महिन्यांत तुटायच्या, म्हणून कुणीतरी टिकाऊ म्हणून पॉली सुचवली होती. ती खरोखरच टिकली. दोन वर्षं. त्यात तिची लवचीकता कधीच संपली होती, आणि दर फटक्याचा जो धक्का तारेनं गिळायचा तो कोपरानं गिळला. भाऊंनी १.२५ ची मल्टी काढली, ५० पौंड. बारीक तार जास्त लवते, कमी पौंडात आणखी लवते. तुटेल लवकर, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. डॉक्टरसाहेबांनी बरोबर धुळ्याच्या फोनवरचाच प्रश्न विचारला. नुसता शहरी मराठीत.

तुटत नाही, हीच अडचण

माझं मत आता सांगून टाकतो. आपल्याकडे तार निवडायची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. फ्रिज, पाइप आणि चप्पल जशी टिकण्यावर घेतो तशी आपण तार घेतो. पण तार ही टिकण्याची नव्हे, संपण्याची वस्तू आहे. ज्याच्या हातून नायलॉन दोन महिन्यांतही तुटत नाही, त्याला पॉलीची गरजच नाही; तिची फिरकी निघेल एवढा त्याचा हात चालत नाही आणि तिचा कडकपणा मात्र पुरेपूर पोचतो. खेळाडूंमध्ये एक ढोबळ ठोकताळा चालतो: आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्यांदा जाळी बदला. तीन दिवस खेळणाऱ्यानं तीनदा. साध्या सिंथेटिक गटाचे तीन सेट मिळून भारी पॉलीच्या एका सेटच्या आसपासच पडतात, आणि फिजिओथेरपीच्या एका फेरीपेक्षा तर नक्कीच कमी.

भाऊंनी यावर एक उपाय सुरू केला आहे. जाळी झाली की मुठीच्या वरच्या बाजूला चिकटपट्टीवर तारीख, तार आणि पौंड लिहितात. काही जण ती पट्टी घरी जाऊन काढून टाकतात, चांगली दिसत नाही म्हणून.

ज्यांच्या तारा खरंच तुटतात त्यांचा प्रश्न वेगळा, आणि तो धुळ्याच्या त्या फोनवाल्या गृहस्थांचा होता. कोपराची नव्हे, मुलीची चौकशी होती. चौदा वर्षांची, रोज दोन तास, हात वेगवान. धुळ्यात बॅडमिंटनचं गटिंग सहज होतं, टेनिसची रॅकेट मात्र हे वडील जळगावला घेऊन येतात. नायलॉन तीन आठवड्यांत तुटत होतं, आणि पूर्ण पॉली तिच्या वयाला नको असं प्रशिक्षकांनी बजावलेलं. रविवारी दोघं पारोळा-एरंडोलमार्गे एसटीनं आले. भाऊंनी तुटलेली जाळी उजेडाला धरली. तार मधोमध, उभीच तुटली होती. आडव्या तारा धडधाकट होत्या. ताई, फटका वरून खाली मारते की खालून वर, एवढंच त्यांनी तिला विचारलं. तिनं हवेतच हात फिरवून दाखवला.

मग दोन्ही जातींची जोड ठरली, हायब्रिड. फेडरर आणि जोकोविच उभ्या तारा आतड्याच्या घालून आडव्या पॉलीच्या घ्यायचे. त्यांना मऊपणा हवा होता आणि तुटण्याची फिकीर नव्हती. इथे उलटं. तुटतात त्या उभ्या, म्हणून उभी मऊ जातीतली पॉली, ४८ पौंड. आडवं नायलॉन, ५०. पॉलीला दोन पौंड कमी, कारण ती मुळात कडक. टेनिसचा सेट बारा मीटरचा असतो आणि उभ्या सोळा तारांना सहा मीटर पुरतात, म्हणजे एका सेटमधून दोन रॅकेटींच्या उभ्या तारा निघतात. वडिलांनी पाकिटाची किंमत पाहून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, त्या अर्ध्या झाल्या.

"तुटेपर्यंत थांबू नको," भाऊ मुलीला म्हणाले. "चेंडू न सांगता लांब जायला लागले की समज, मेली. सहामाही संपली की घेऊन ये." उरलेल्या सहा मीटरची गुंडाळी त्यांनी पाकिटात घातली, वर तिचं नाव आणि '४८' लिहिलं, आणि बॅडमिंटनच्या रिळांमागे खणात ठेवली. आडव्या तारांचे आणि मजुरीचे पैसे तेवढे त्या वेळी द्यायचे.